एक नंबर का तापतोय

"हॅलो?… हो, हो, बोल. नाही गं, कुठला नंबर लागतोय, अजून एक जण आत आहे माझ्या आधी… डावी दाढ. ते सोड तू… काय? किती म्हणालीस? नऊशे साठ?"

दाताच्या दवाखान्यातल्या बाकावर थोरलीने गालावरचा हात काढला. दाढ ठणकायची थांबली नव्हती, पण तिला आता कोणी विचारत नव्हतं. फोनवर धाकटी जाऊ होती. दोघी एकाच घरात राहायच्या आणि एकाच कारखान्यात कामाला जायच्या. थोरली इंजिनाचे भाग आखायची, धाकटी ते चाचणीच्या खोलीत बसवून फुटेपर्यंत पळवायची. घरातही कामाची वाटणी साधारण अशीच होती.

"कोणाचं नऊशे साठ?… एक नंबरचं? अगं, एक कसा तापेल?… हो, हो… अगं ऐक ना. सकाळच्या चिठ्ठीप्रमाणे केलंस ना सगळं? चार नंबरला आठ टक्के जास्त पाजायचं… केलंस. मग चार काय म्हणतोय?… सातशे ऐंशी? एवढा गार?"

टर्बोने दाबून कोंबलेली हवा चारही सिलेंडरांना वाटून देते ती नळी, म्हणजे मॅनिफोल्ड, थोरलीने दोन वर्षं खपून आखली होती. हवा एका टोकाने आत शिरायची आणि मधे कुठे न रेंगाळता दुसऱ्या टोकाला जाऊन गर्दी करायची. त्या टोकाच्या सिलेंडरला हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त द्यायचं. नाही दिलं तर तो तापत जातो आणि शेवटी पिस्टन वितळतो. आज पूर्ण दाबावर तासाभराची शेवटची चाचणी होती. धाकटीच्या पाठीशी साहेब उभे होते, आणि ज्यांच्या गाडीत हे इंजिन बसायचं होतं ते तीन पाहुणे. तास पुरा झाला तर थोरलीची नळी ओतायला जाणार. नाहीतर जुनीच पुढे चालणार.

"किती मिनिटं झाली?… बेचाळीस. म्हणजे अठरा राहिली… थांब, विचार करू दे. एक तर दाराजवळचा, त्याच्या वाट्याला मुळात कमी येतं. तरी तो तापाने फणफणलाय… आणि चौथ्याला एवढं पाजलं तर तो गारठला…"

समोरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. शेजारच्या बाईंनी पर्स मांडीवर घेऊन थोरलीला ऐसपैस जागा करून दिली. त्यांच्या लेखी ही चार मुलांची आई, त्यात दोघं आजारी. एवढं तर करायलाच हवं.

"आवाज कसा येतोय? फोन काचेला लाव… लाव गं!"

थोरलीने दुसऱ्या कानात बोट घातलं. घरघरीच्या आत एक बारीक कडकड होती, पत्र्याच्या छपरावर कोणी मूठमूठ खडे टाकावेत तशी.

"ऐकलं. कधीपासून आहे हे?… पाच मिनिटं? आणि फोन आत्ता करतेस?… हो, साहेब उभे आहेत, माहीत आहे मला… बरं, एक सांग. तू बसतेस तिथून इंजिनाची कुठली बाजू जवळ दिसते? पट्ट्याची की फ्लायव्हीलची?… फ्लायव्हीलची. आणि तुझा एक नंबर कुठला?… 'जवळचा, आणखी कुठला' काय! अगं बाई…"

आखणीच्या खोलीत सगळे सिलेंडर पट्ट्याकडून मोजत. चाचणीच्या खोलीची खिडकी उलट्या बाजूला, म्हणून तिथे दुसऱ्या टोकाच्या जड चाकाकडून, फ्लायव्हीलकडून. आपलं मोजणं दोन्ही खात्यांना इतकं उघड वाटायचं, की विचारणं म्हणजे समोरच्याचा अपमान.

"अगं, तुझा एक तो माझा चार! जास्तीचं पेट्रोल भलत्याच्याच पोटात जातंय, आणि ज्याला हवं तो भाजतोय… नाही, चूक तुझी नाही, चिठ्ठी माझी… काय? हळू बोल… दोन आकडे इकडचे तिकडे करशील, कोणाला कळणार नाही… नाही कळणार, खरंय. पण पिस्टनला कळलंय ना. बेचाळीस मिनिटं भाजलाय तो…"

त्रेचाळीस. सतरा राहिली. निघालीही असती कदाचित. कडकड मात्र आता बोट न घालताही ऐकू येत होती.

"बंद कर… पूर्ण. लाल बटण… असू देत पाहुणे! फुटलं तर तुकडे त्यांच्याच काचेवर येतील. दाब म्हणते ना!"

आधी कडकड थांबली, मग घरघरही.

"झालं?… कोण ओरडतंय, साहेब? काय सांगितलंस त्यांना?… सेन्सर बिघडला? अगं, सासूबाईंना सांगतेस तेवढं खोटं पुरे आहे. दे त्यांना फोन… दे!… साहेब, नमस्कार. सेन्सर ठीक आहे. बंद करायला मी सांगितलं… मी चार लिहिलं, कुठल्या बाजूने ते लिहिलं नाही… हो, चूक माझीच… हो, दोन वर्षं… हो साहेब, पाहुणे लांबून आलेत, कळतंय मला… काय विचारतायत ते?"

थोरली उभी राहिली.

"नळी चांगली असेल तर एकालाच जास्त पेट्रोल का द्यावं लागतं…"

दोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कोणी विचारू नये याची काळजी थोरलीनेच घेतली होती.

"बरोबर विचारतायत. नळीची चूक मी पेट्रोलने झाकत होते. हवेचं तोंड मध्यावर हवं, मी टोकाला ठेवलं, कारण टोकाला बसवायला सोपं… सहा आठवडे तरी लागतील… आज? आजच्या आज गाडीत घालायची तर कुठली घालू, असं?… जुनी, साहेब. हवा कमी देते, पण चौघांना सारखी देते… हॅलो? साहेब?… हॅलो?"

फोन कट झाला होता. 'जुनी' म्हणण्याच्या आधी की नंतर, ते कळायला मार्ग नव्हता. आतून तिचा पुकारा झाला. दवाखान्यात सगळे तिच्याकडेच बघत होते. ऐकलं असेल असं समजून आत जाता आलं असतं, आणि त्यासाठी कोणी तिला बोल लावला नसता.

तिने शेजारच्या बाईंना हाताने पुढे जायची खूण केली आणि पुन्हा नंबर लावला.

"हॅलो, साहेब? मघाशी ऐकू आलं नसेल तर… जुनी."

आणि फोन ठेवला.