बोकडाचा कौल

(बंगळूर, सर्जापूर रोड, सकाळ. ऑफिसची कॅब अडकलेली. ज्योतिबा गाडी चालवतो; मागं सुखदा, पुण्याची.)

ज्योतिबा : बसा की निवांत, अक्का. गाडी हलंपतोर एक गोष्ट सांगतो. खरी हाय, माझीच हाय.

सुखदा : काका, नऊला मीटिंग आहे हो माझी!

ज्योतिबा : नऊला तुमी हितंच. ऐका. निपाणीकडं आमच्या गावात जत्रंला बोकड कापायचा मान आमच्या घरचा. आजा, बा, मग मी. पर आदी सुरी लावायची न्हाई. बोकडावर पानी शिंपडायचं. त्येनं अंग झाडलं, म्हंजे कौल दिला. न्हाई झाडलं तर थांबायचं.

सुखदा : आणि झाडलंच नाही तर?

ज्योतिबा : गेल्या साली तसंच झालं बघा. ढिम्म उभं! सगळं गाव उनात ताटकळलेलं, चुली पेटलेल्या. मीच तांब्या त्येच्या कानात वतला. झाडलं. ‘दिला कौल’ म्हनून वरडलो बी मीच. हलगी वाजली.

सुखदा : शी! हे चीटिंग झालं.

ज्योतिबा : तर काय! तुमच्या कानात वतला तर तुमी बी झाडशीला.

सुखदा : म्हणूनच मी नॉनव्हेज खात नाही.

ज्योतिबा : तुमच्या घरात कधी शिजलंच न्हाई, त्यात तुमचं काय? मी त्या दिशी बी खाल्लं. झक्कास झालतं, खोटं कशाला बोलू.

सुखदा : मग आता कशाला आठवतंय?

ज्योतिबा : ह्या साली बोकड नातीच्या नवसाचं हाय. पोरगी सातव्या म्हैन्यात झाली, जगली. थोरल्या भावाचा मेसेज आलाय, आयतवारी ये, सुरी तूच धर. मी धरनार न्हाई.

सुखदा : घरचे ऐकतील?

ज्योतिबा : उद्या पोरीला शिंक आली तरी माझ्या नावानं बोंब मारतील. मारू देत. मला पक्कं कळलंय. बोकडाला आमी इच्यारतो कशाला? जीव त्येचा हाय, आमचा न्हवं, हे ठाऊक हाय म्हनूनच की! मग इच्यारलं तर त्येचं ऐकाया नगं?

सुखदा : मटणाच्या दुकानात तर कोणी विचारतही नाही.

ज्योतिबा : न इच्यारता जीव दुकानदाराचा हुतो व्हय? घ्या हा फोन, भावाला लिवा. मला लिवाय जमत न्हाई.

सुखदा : व्हॉइस पाठवा की.

ज्योतिबा : बोलाय लागलो की शिव्या येतात. भांडायचं न्हाई मला. लिवा : दादा, येतो. नात माझी, नवस मीच फेडतो. गावाला पुरनपोळीचं जेवान घालतो. बोकड कापनार न्हाई.

सुखदा : ‘कारण जीव घेणं पाप आहे.’ करू सेंड?

ज्योतिबा : स्वल्प थांबा. त्ये ‘पाप’ तेवढं पुसा, अक्का. आमच्या आईनं त्येच रांधून आमाला मोठं केलंय.