मंजुळाबाईला वास आला

मंडळी, आज सुरुवातीलाच एक विचारतो. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून माणूस खोटं बोललं, तर ते पाप की पुण्य? हं, पुण्य म्हणणाऱ्यांच्या माना लगेच हलल्या! घाई नको. पेटीवाले, सूर जरा बारीक धरा. ऐका.

करमाळ्याकडचं एक गाव. देवीचं देऊळ, आणि देवळाच्या दारात रंगनाथ फुलारी आणि त्याची बायको मंजुळा यांचं हारांचं दुकान. ओवायची ती, विकायचा तो. मंजुळाबाईचं नाक कसं? पाटीवरचं फडकं काढायच्या आधीच सांगायची, मोगरा कालचा आहे, परत करा. नवऱ्यानं चोरून तंबाखू खाल्ली तर वेशीपासून कळायचं! हसता काय? तुमच्या घरी वेगळं आहे का?

आणि मग ताप आला. ताप गेला, पण जाताना बाईचा वास घेऊन गेला. फुलांच्या ढिगात बसलेली बाई, आणि तिला कशाचाच वास नाही! भाजी करपली तरी कळेना. अन्न मातीसारखं लागायचं. लेक माहेरी आली, तिनं बाळ मांडीवर दिलं. मंजुळेनं त्याची टाळू हुंगली, पुन्हा हुंगली, आणि बाळ गुपचूप परत देऊन टाकलं. त्या दिवसापासून हार ओवणं सुटलं.

रंगनाथानं काय करायचं बाकी ठेवलं? डॉक्टर झाले, वैद्य झाले, ओव्याची पुरचुंडी झाली, वाफारे झाले. आणि रोज संध्याकाळी एकच प्रश्न — "आला का गं?" ती मान हलवायची. नाही.

एकदा सोलापूरला फुलं आणायला गेला. तिथं काचेचं मोठं दुकान, आणि दुकानात एका सिनेमातल्या नटीनं स्वतःच्या नावानं काढलेलं सेंट! नाव सांगत नाही, नाहीतर मागची रांग उद्या तिकडंच. दुकानातल्या मुलीनं याच्या मनगटावर उडवलं. म्हणाली, "काका, चोळू नका. आधी संत्रं येईल, मग मोगरा, शेवटी चंदन. सावकाश उलगडतं ते." मोगऱ्यात जन्म गेलेल्या माणसाला मोगरा दाखवते! त्याला हसू आलं. पण एसटीत बसला आणि मनगट नाकाला लावलं — खरंच संत्रं! कुर्डुवाडीला मोगरा फुलला. गावात उतरला तेव्हा सहाणेवर उगाळावं तसं चंदन.

धावत घरी गेला. मनगट पुढं केलं, संत्रं-मोगरा-चंदन सगळी हकिगत सांगितली. तिनं हुंगलं. मान हलवली. तो म्हणाला, विरलं असेल, ताजी बाटली आणतो.

पुढच्या खेपेला आणायला गेला, पण दुकानातली किंमत त्याच्या आवाक्यातली नव्हती. बाहेर फुटपाथवर तीच बाटली, खोक्यावर त्याच नटीचा फोटो, वरून प्लास्टिक गुंडाळलेलं, आणि स्वस्त! तीच घेतली. दुपारी घरी आला, तिच्या मनगटावर उडवलं. थोडं याच्या हातावर पडलं, ते त्यानं हुंगलं. काहीच नाही. पुन्हा हुंगलं. पाणी, मंडळी! नुसतं रंगीत पाणी! फसलो, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं —

आणि डोळे मिटून मंजुळा म्हणाली, "अहो, संत्रं."

उघडलेलं तोंड तसंच मिटलं. चहाच्या वेळी ती म्हणाली, आता मोगरा आलाय. दिवेलागणीला देवीच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाली, "चंदन आलं. आता माझ्यासाठी कुठं हिंडू नका. आलं सगळं परत."

त्याला सगळं कळलं. वास आला नव्हता. त्याच्या त्या रोजच्या प्रश्नाला ती थकली होती. नवऱ्याची वणवण थांबावी म्हणून तिनं स्वतःची आशा मोडली. आणि हा? हा म्हणाला, "होय गं, चंदनच आहे."

दुसऱ्या दिवसापासून ती हार ओवायला बसली. ताजं कुठलं, सडकं कुठलं, तिला काय कळणार? हाच तिच्या आधी उठून पाटी निवडून ठेवतो. गावच्या बाया येतात, देवी पावली म्हणतात, ती हसते, हा हसतो. पण संध्याकाळ झाली की दोघं उंबऱ्यात गप्प. "आला का गं?" एवढंच एक बोलणं उरलं होतं त्या घरात, आता तेही विचारायची सोय राहिली नाही. दोघं जिवंत आहेत, शेजारी शेजारी आहेत, आणि दोघंही एकटे आहेत.

एके दुपारी देवळात कुणी नव्हतं. रंगनाथ गाभाऱ्यापुढं उभा राहिला. म्हणाला, "आई, जन्मभर तुला हार घातले, धूप जाळला. तुला तरी वास येतो का?" मूर्ती गप्पच. तेव्हा मात्र रडला. म्हणाला, "निदान माझी मंजुळा खोटं तरी बोलली."

आता सांगा, पाप की पुण्य? मला विचाराल तर मी पोथ्या चाळल्या, मला सापडलं नाही. एवढंच दिसलं, की त्या खोट्यात प्रेम होतं, आणि त्या प्रेमानंच घर आतून बंद झालं.

तुम्हीही घरी विचारता ना, बरं आहे ना? आतून उत्तर येतं, बरं आहे. झालं, आपण सुटलो! कुणी सांगावं, तेही संत्रंच असेल. आज घरी गेलात की विचारू नका. नुसते जवळ बसा. समोरचं माणूस "नाही, काही बरं नाही" म्हणेल इतका वेळ बसा. बसवेल का? मला शंका आहे.

टाळ ठेवा खाली. देवीचं नाव आज मनातच घ्या. आणि हे पुढं बसलेले, एवढ्या माना डोलावताय, खरंच काही आत पोचलं का? की मला बरं वाटावं म्हणून?