देणगीदारांची नावं

अमेरिकेतल्या डुलुथ गावी, हृदयाच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ नंबरची वाट पाहत बसले होते. सुरुवात बाईंनी केली.

"तुम्हालाही रोज चालायला सांगितलंय?"

"सांगितलंय."

"मग कानात आपल्या गावच्या बंद पडलेल्या रेडिओचे जुने कार्यक्रम लावा, पॉडकास्टवर आहेत. 'सरोवराकाठी' ऐका. तो सादर करणारी इंग्रिड काय गोड बोलते!"

"ठाऊक आहे."

"मधलं ते स्टेशनसाठी श्रोत्यांकडे देणग्या मागायचं रडगाणं तेवढं गाळा."

"मी तेवढंच ऐकतो."

"अख्ख्या गावात तुम्ही एकटेच असाल!"

"देणाऱ्यांची नावं वाचते ना ती. मी दरवेळी मुद्दाम फोन करून देणगी द्यायचो. मग तिला म्हणावंच लागायचं, 'आभारी आहोत, ऑर्विल लिंडक्विस्ट.' घरी येऊन भांडायची, माइकवर हसू फुटतं म्हणून."

"घरी?"

"बायको माझी. स्टेशन बंद पडलं, त्याच हिवाळ्यात तीही गेली."

"अरे देवा. आणि चालताना तुम्ही तेच ऐकता?"

"परवा ऐकत ऐकत सरोवराच्या बर्फावर पार आत गेलो. बर्फ तडकत होता म्हणे. बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्या पोरांनी ओढून काठावर आणलं."

"नशीब!"

"त्यांचे आभार मानायला हवे होते. पण कानात ती माझे मानत होती, तेच ऐकत राहिलो."