पाहुण्यांच्या स्टँडच्या सात पायऱ्या

हा जबाब मी रविवारीच लिहून द्यायचा होता. आज बुधवार. सोमवारी निघालो तर वाटेत वडापावच्या गाडीवर ओळखीचा भेटला. मंगळवारी पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत आलो आणि तसाच मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. तिथे एकाचं जाळं फाटलं होतं, ते शिवत बसलो. खरं कारण असं की काय लिहायचं आणि काय नाही हे ठरत नव्हतं. हवालदार नम्रता मॅडम म्हणाल्या, "ठरवू नकोस. घडलं तसं लिही, तुझ्याच हाताने." म्हणून आज दि. २१ जानेवारी २०२६ रोजी दुपारी साडेबारापासून लिहीत आहे.

नाव संदेश गंगाराम कालेकर, वय २३. शिक्षण नववी पास, दहावीचे दोन पेपर दिले. धंदा मिळेल तो. होडीवर खलाशी, आंब्याच्या दिवसांत बागेची राखण, गेल्या वर्षी मालगुंडला लॉजवर वेटर. मूळ राहणार बुरोंडी, ता. दापोली. सध्या राहणार एका जागी नाही. समन्स पाठवायचं झाल्यास बुरोंडीला मथुराकाकीच्या घरी पाठवावं, ती निरोप पोचवते.

समक्ष हजर राहून लिहून देतो की, मथुराकाकीचे यजमान धाकूतात्या हे आमच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडीवर ज्याचा शब्द चालतो ते. वय ६१. चार वर्षांपासून चाकाच्या खुर्चीवर आहेत. पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढून घेताना दोर सुटला, होडी मागे आली आणि ते खाली सापडले. त्या दिवशी पुढचा दोर माझ्या हातात होता. या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही. मी ती ओळ खोडणार होतो, पण मॅडम म्हणतात जबाबात खाडाखोड चालत नाही.

तात्यांची नात सानिका, वय १६, बुरोंडीच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर आहे. रविवारी दि. १८ रोजी दुपारी चार वाजता इथे रत्नागिरीत, इथल्याच संघाशी मॅच होती. आम्ही तीस माणसं मासळीच्या टेम्पोतून आलो. टेम्पो धुतला होता, तरी वास येतो, त्याला इलाज नाही. तात्यांची खुर्ची फळीवरून चढवली. साडेतीनला मैदानावर पोचलो.

पाहुण्यांच्या स्टँडला सात पायऱ्या आहेत. रॅम्प नाही. यजमानांच्या स्टँडला रॅम्प आहे. चार पोरं खुर्ची उचलायला पुढे झाली, तर तात्यांनी हात झिडकारले. म्हणाले, "चौघांनी उचलायचा दिवस यायचा तेव्हा येईल. आज मॅच हाय."

तेवढ्यात स्पर्धेचे सेक्रेटरी भिकाजीशेठ आले. ते वाईट बोलले नाहीत, हेही लिहितो. म्हणाले, "आजोबांना आमच्या बाजूला बसवा की. रॅम्प आहे, सावली आहे. फक्त तिकडे बसून बुरोंडी बुरोंडी ओरडू नका, आमची पोरं गरम डोक्याची आहेत."

तात्या म्हणाले, "शेठ, नात माझी गोलात उभी. तिच्यावर गोल झाला तर तुमच्या लोकांत बसून टाळ्या वाजवू काय?"

"टाळ्या कशाला? गप्प बसा नुसते."

मथुराकाकी म्हणाली, "यांना गप्प बसवायला मला चाळीस वर्षांत जमलं नाय. तुम्हाला दीड तासात जमेल?"

शेठ हसले आणि निघून गेले. मग आम्ही खुर्ची स्टँडच्या खालीच लावून पाहिली. समोर चिऱ्याची भिंत आहे. मी खुर्चीच्या बाजूला उकिडवा बसून बघितलं. भिंतीवरून फक्त उंच उडालेला बॉल दिसतो. खाली उडी मारणारी गोलकीपर दिसत नाही. तात्या म्हणाले, "ऐकू येईल की." हे त्यांनी काकीकडे न बघता म्हटलं.

सानिका मैदानात सराव करत होती. तिने आमच्या स्टँडकडे मान वर करून दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा मी प्रवेशद्वाराकडे गेलो. तिथे 'पाहुण्या संघाचे हार्दिक स्वागत' असा प्लायवूडचा फलक होता. आठ फूट बाय चार, तारेने बांधलेला. तार मी सोडवली. टेम्पोची फळी चारच फुटी, ती पुरत नव्हती. फलक पायऱ्यांवर टाकला तर बरोबर बसला. त्यावर भिकाजीशेठ यांचा हात जोडलेला फोटो होता. चाक फोटोवरून मुद्दाम नेलेलं नाही. फोटोच एवढा मोठा होता की बाजूने जागा उरत नव्हती.

टेम्पोतला दोर आणून खुर्चीला दोन्हीकडून बांधला. मी बाजूला होत होतो. तात्या म्हणाले, "पुढचा दोर संदेशकडे द्या."

मी म्हटलं, "तात्या, दुसरं कोणीतरी."

ते म्हणाले, "तांडेल कोण? तू का मी?"

मग त्यांनी हाळी दिली, होडी ओढताना द्यायचे तीच. ती मी चार वर्षं ऐकली नव्हती. हाळीला एक ओढ, मग खाली चाकामागे दगड, मग पुन्हा हाळी. तीन बावन्नला सुरुवात केली, तीन अठ्ठावन्नला खुर्ची वर पोचली. एकदाही मागे सरकली नाही. वर गेल्यावर तात्या म्हणाले, "सोड आता." मला ते लगेच ऐकू आलं नाही. त्यांनी माझी बोटं एकेक करून दोरावरून काढली. तळहात सोलला आहे, ती दुखापत म्हणून नोंदवू नये.

सानिकाने एक पेनल्टी अडवली. याचाही संबंध नाही, पण अडवली. बुरोंडी एक-शून्यने जिंकली. तात्यांचा आवाज पलीकडे पोचला असावा, कारण तिकडून एका बाईने "आजोबा, जपून, घसा जाईल" असं ओरडून सांगितलं.

मॅच संपल्यावर फलक मी परत बांधला. तो मधोमध चिरला आहे आणि चाकाचे डाग पडले आहेत हे खरं. भिकाजीशेठ यांची तक्रार आहे की हा अपमान मुद्दाम केला, आणि त्यासाठी येत्या रविवारच्या सेमी-फायनलमधून बुरोंडीचा संघ बाद करावा. संघातल्या एकाही मुलीने फलकाला हात लावलेला नाही, त्या मैदानात होत्या. फलक मी काढला, एकट्याने. दोर आणखी कोणी कोणी धरला ते मला आठवत नाही. शिक्षा असेल ती मला द्यावी. त्या पोरींना खेळू द्यावं.

इथपर्यंतचं मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोर कोणी धरला ते आठवत नाही, या ओळीवर त्या थोड्या थांबल्या, बदल मात्र सुचवला नाही. मी लिहिलं तेच वाचलं गेलं. कोणी धाक घातला नाही.

सही करणार एवढ्यात शिपाई सांगत आला की आवारात धाकूतात्या आले आहेत, बरोबर मथुराकाकी. त्यांना कोणी कळवलं ते माहीत नाही, मी कळवलेलं नाही. खिडकीतून ऐकू येतंय, "जबाब माझा घ्या. हुकूम माझा होता, पोरगा नुसता दोरावर होता." टेम्पो आज हर्णैला गेलाय, म्हणून दोघं एसटीने आलेत. दापोलीला बस बदलावी लागते. काकी खिडकीपाशी येऊन सांगून गेली की चढताना आणि उतरताना, चारही वेळा, तात्यांनी स्वतःच माणसांना हाका मारल्या, "या रे, उचला."