जावयाचा घोटा आणि माझी पिशवी

...नाही, पण मला सांगा, गोलकीपर पडला की धावायचं कुणी? मी! वय वर्षं अठ्ठावन्न, पुढे हे पोट, हातात औषधांची पिशवी, पिशवीत बर्फ, तो वितळून सगळं पाणी माझ्या पँटवर... आणि मैदान केवढं असतं कधी बघितलंय? टीव्हीवर वीतभर दिसतं हो! धावा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, जीव घशाशी येतो, आणि तिथे पोचल्यावर तो जो शेवटचे श्वास मोजत पडलेला असतो ना, तो एक डोळा उघडून विचारतो काय, तर, "बाबा, दमलात का?"

बाबा म्हणजे मी. गोलकीपर माझा जावई आहे.

तुम्हाला सांगतो, मी कारखान्यातल्या प्रथमोपचाराच्या खोलीत एकतीस वर्षं काढली. कुणाचं बोट चेपलं, कुणाच्या डोळ्यात कण गेला, सगळे माझ्याकडे. आणि 'दुखतंय' म्हणाला की मी आधी विश्वास ठेवायचो, मग औषध शोधायचो. तर कारखान्याचा फुटबॉलचा संघ निघाला, साहेब म्हणाले, तुमच्याकडे पिशवी आहेच, तुम्हीच जात जा. गेलो. मला फुटबॉलमधलं काय कळतं? मी आपला पिशवीवाला!

पण हळूहळू कळलं हो. बाकी कुणी पडला, उपचार घेतला, की रेफरी त्याला जरा वेळ बाहेर काढतो. गोलकीपरला नाही काढत! कसा काढणार, गोल उघडा पडेल ना? मग आमचा कोच काय करतो, एका गोलनं आपण पुढे असलो आणि समोरचे अंगावर यायला लागले, की हा डोक्यावरची टोपी काढतो. टोपी निघाली की जावई आडवा! मी धावतोय, आणि आमचे उरलेले दहा जण कोचभोवती गोळा होऊन आरामात पाणी पितायत. एकदा कोचला नुसतं उकडलं म्हणून त्यानं टोपी काढली... आम्ही दोन गोलांनी मागे! तरी हा पडला! कोच तिकडून बोंबलतोय, "ऊठ, अरे ऊठ!" आणि जावयाला वाटतंय, वा, काय झकास अभिनय चाललाय कोचचा... चार मिनिटं उठला नाही!

दुसरा कुणी असता तर तिथेच एक रट्टा दिला असता. पण जावई पडला ना! त्याचा पाय मांडीवर घ्यायचा, मोजा काढायचा, धडधाकट घोट्यावर बर्फ चोळायचा, चारशे माणसं बघतायत, आणि प्रेक्षकांतून माझी बायको ओरडते, "अहो, हळू चोळा! त्यांना लागेल!" माझ्या गुडघ्यांची चौकशी नाही हो कुणाला. मी कोण? मी आपला पिशवीवाला!

तर शेवटी स्पर्धेच्या समितीनं नियम काढला. गोलकीपरवर मैदानात उपचार झाले, की त्याच्या संघातला दुसरा एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर. खलास! मला तर इतका आनंद झाला, मी घरी साखर वाटली. पुढच्या मॅचला टोपी निघाली, जावई सवयीनं पडला, मी धावलो, आणि रेफरीनं आमचा सगळ्यात उंच बचावपटू काढला बाहेर! ती दोन मिनिटं संपायच्या आत डोक्यावरून गोल! जावई असा टुणकन उठला, की समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

म्हटलं, सुटलो. आता सुखानं बाकावर बसेन.

सुखानं? दुसऱ्या दिवशी कोच माझ्या खोलीत. हातात नियमाचा कागद. "काका, हे वाचा. काय लिहिलंय? गोलकीपर! तुम्ही गोलकीपर आहात का?" म्हटलं, नाही बुवा. "झालं तर मग! उद्यापासून कुणाला जरा कुठे खरचटलं की तुम्ही आत जायचं... आणि आत गेल्यावर तुम्ही पडायचं!"

मी ताडकन उठलो. म्हटलं, कोच, एकतीस वर्षं या खोलीत मी कुणाशी खोटं बोललो नाही, जावयासाठी बोललो तेवढं पुरे झालं, मला लाज वाटते हो, खरंच लाज वाटते! मी पडणार नाही म्हणजे नाही! तो हसला. "बघा, विचार करा."

विचार कसला करायचा? अंतिम सामन्याला मी मनाशी पक्कं करून गेलो. एक शून्यनं आपण पुढे, चार मिनिटं राहिलेली, आणि आमच्या बचावपटूच्या पोटरीत गोळा आला. तो खरा होता हो! रेफरीनं हात केला. मी निघालो, पिशवी घट्ट धरून, एकेक पाऊल जपून... कशाला, तर चुकूनसुद्धा पडायला नको! आणि गोलसमोर जिथे आमचा जावई उभा राहून राहून खड्डा पडलाय ना... नेमका तिथे पाय गेला. कट्! आवाज आला. माझ्याच घोट्यातून, मला एकट्यालाच ऐकू आला.

तुम्हाला सांगतो, डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी ओरडलो, "मेलो!" आणि मैदानात टाळ्या! आमचेच लोक! कोचनं लांबून अंगठा दाखवला. रेफरी आला. हा आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतो, पण माझा सुजलेला पाय काही त्याला दिसला नाही. म्हणतो, "काका, तुम्हीपण? निदान वयाचा तरी विचार करायचा!" आणि मला पिवळं कार्ड! पिशवीवाल्याला! म्हटलं, अहो, खरं दुखतंय. म्हणाला, "सगळे हेच म्हणतात."

मग जावई धावत आला. म्हटलं, घरचा माणूस, हा तरी ओळखेल. त्यानं माझा पाय मांडीवर घेतला, मोजा काढला आणि कानात म्हणतो, "बाबा, एक नंबर! अजून एक मिनिट काढा!" आणि घोटा दाबला हो त्यानं! मी जो किंचाळलो... "वा!" म्हणाला, "असंच!" बायको काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, माझ्यासाठी. नीट ऐकलं तर, "अहो, उठा आता, शोभतं का!"

पायापेक्षा ते जास्त लागलं. खरं सांगतो, रडू आलं मला. त्यावरही टाळ्या.

रेफरीनं आठ मिनिटं वाढवली आणि त्यात दोन गोल झाले आमच्यावर. कप गेला. मला दवाखान्यात नेलं, फोटो काढला, हाड मोडलेलं. सहा आठवडे प्लास्टर.

रविवारी कोच आणि जावई घरी आले. कोच दारातूनच, "काका, मॅच संपली, काढा आता ते सोंग." मी नुसता तो फोटो पुढे केला. जावयानं खिडकीपाशी धरून पाहिला आणि खुर्चीतच बसला. "बाबा... खरंच मोडलंय? आणि मी ते दाबत होतो?" माझे पाय धरायला वाकला बिचारा, मग कुठला धरावा कळेना. माझा सगळा राग तिथेच गेला. म्हटलं, चला, एकानं तरी विश्वास ठेवला.

कोचनंही फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता हा माफी मागणार.

"काका," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात नवी स्पर्धा आहे. तुम्ही याच पायानं या. पडायचं बिडायचं काही नाही. सरळ मार्गानं, कुबडी घेऊन, पिशवी गळ्यात अडकवून, नुसतं पलीकडच्या गोलपर्यंत चालत जायचं. सहा मिनिटं तरी आरामात जातील!"

आणि तुम्हाला सांगतो, काय बोललो असेन मी?

म्हटलं, "सहा कसली... आठ लागतील."