विमलताई ओट्यावर बसायच्या

ताईंचे यजमान अण्णा, त्यांची लेक, आणि गल्लीतल्या माझ्या सगळ्या बायांनो, भावांनो,

ताईंच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंत, पण माझा पाय सकाळपासून एका जागी ठरत नाहीये. तीनदा चहा ठेवला, तीनदा उतू गेला. आत्ताही इथून उठून जावंसं वाटतंय. मध्येच थांबले तर रागावू नका.

काही जण मला ओळखत नसतील. मी सुमन. माहेर सुरगाण्याकडचं. नवरा अंबडला कंपनीत फिटर. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा विमलताईंचा शिवणक्लास जोरात चालायचा. आपल्यातल्या कितीजणी त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला शिकल्या! मी मात्र तिथे शिवण शिकले नाही. मला अजून सरळ शिलाई येत नाही.

एका दुपारी ताई आमच्याकडे डबा परत द्यायला आल्या. मी न्हाणीत होते, दार नुसतं लोटलेलं. मी बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "सुमन, कडी का लावत नाहीस गं?"

म्हटलं, "कडी खराब आहे."

ताईंनी कडी लावून पाहिली, काढून पाहिली. चांगली होती. दुसरी कोणी असती तर हसली असती. हसायच्याच बाया मला. ताई एवढंच म्हणाल्या, "बरं. उद्यापासून तुझ्या आंघोळीच्या वेळी मी ओट्यावर बसत जाईन. कोणी येणार नाही. तू निवांत आटप."

आणि खरंच बसायला लागल्या. का, कशासाठी, काही विचारलं नाही. मटार सोलत बसायच्या, कधी काजं करत बसायच्या.

मग एक दिवस मीच बोलले. आज इथेही बोलते. ताईंनीच मला ते बोलायला शिकवलं.

मी आठ-नऊ वर्षांची असताना मला शहरात एका बंगल्यावर कामाला ठेवलं होतं. शाळेत घालू, असं त्या लोकांनी बापाला सांगितलं होतं. शाळा काही मी पाहिली नाही. कप फुटला, पोळी करपली, की मला अडगळीच्या खोलीत कोंडायचे. बाहेरून कडी. ओरडले तर अजून कोंडायचे. पुढे भात लावणीला हात कमी पडले म्हणून बाप मला न्यायला आला, तेव्हा सुटले. घरी कोणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कसं सांगणार होते? आणि कोणाला?

ताईंनी सगळं ऐकलं. 'विसरून जा' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझी काही चूक नव्हती, बाळा." मी लग्न झालेली बाई, आणि मला बाळा म्हणाल्या! मी त्या दिवशी किती रडले ते अण्णांना माहीत आहे. त्यांनीच पाणी आणून दिलं.

नंतर ताईंनी विचारलं, "क्लासच्या बायांना सांगू का? तू हो म्हणशील तरच." हो म्हणायला मला कितीतरी महिने लागले. ताईंनी एकदाही घाई केली नाही. मधल्या काळात त्या मला डॉक्टरांकडेही घेऊन गेल्या. "आम्ही सोबतीला आहोत," म्हणाल्या, "पण औषधपाण्याचं काम डॉक्टरांचं."

मग बायांना कळलं. ओट्यावर बसायच्या पाळ्या लागल्या. माझं ऐकून आणखी दोघी बोलल्या, स्वतःचं बोलल्या. शिलाई बाजूला राहायची आणि दुपारभर आम्ही बोलत बसायचो.

माझी लेक झाली तेव्हाचं सांगते. मागच्या सिंहस्थाच्या आधीची गोष्ट. दवाखान्यात कळा सुरू होत्या. कोणीतरी प्रसूतीच्या खोलीचं दार लावलं, आणि मी टेबलावरून खाली उतरले. तशा अवस्थेत! सिस्टर ओरडायला लागल्या. मला काही ऐकूच येईना. बाहेरून ताई आल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "हिला लहानपणी कोंडून ठेवायचे. दार बंद झालं की हिचा श्वास अडकतो. दार उघडं राहू द्या. आडोसा आम्ही करतो."

डॉक्टर हो म्हणाले. आणि आपल्या गल्लीच्या बाया, तुम्हीच गं, त्या दारात एकमेकींना खेटून उभ्या राहिलात. पाठ माझ्याकडे, तोंड बाहेर. कोणाच्या पदराला कापड बेतायच्या खडूची भुकटी लागलेली होती. मी त्या पाठींकडे बघत बघत बाळंत झाले.

मी पूर्ण बरी झाले, असं मी म्हणणार नाही. अजून काही रात्री बसून काढते. पण एकटीने नाही काढत.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते. ताई जाण्याच्या आदल्या दिवशी मागच्या गल्लीतल्या एका मुलीकडे गेल्या होत्या. नवीन लग्न झालेली आहे. नाव घेणार नाही. ती जेवत नाही, कोणी जवळ आलं की दचकते. ताई तिला म्हणाल्या होत्या, "परत येते." आणि दुसऱ्या दिवशी ताईच राहिल्या नाहीत. ती मुलगी वाट बघत असेल. मला सकाळपासून दुसरं काही सुचत नाहीये. तिला कोणी सांगितलं असेल का? तिने काय समजायचं?

मी इथून तिच्याकडे जाणार आहे. सगळ्यांनी येऊ नका, घाबरेल ती. दोघी चला. तिथे काही विचारायचं नाही. नुसतं बसायचं.

त्याआधी ताईंसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. कोणाला रडू आलं तर आवरू नका.

ताई, येते मी.