शर्मिलाकडे जाणारा हातचा

(येरवड्यातलं घर, रविवारची सकाळ. वीज कंपनीच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले रामदास, त्यांची बायको शर्मिला आणि खराडीत नोकरी करणारी मुलगी दीक्षा.)

दीक्षा: बाबा, प्लीज, मागे उभे राहू नका ना! क्लायंटचा कोड आहे, घरात कुणाला दाखवायचा नसतो.

रामदास: मी कुठे बघतोय? चहा पितोय.

शर्मिला: कप कधीचा रिकामा झालाय.

रामदास: दीक्षे, हा आमच्या वीज कंपनीचा कोड, मीच लिहिलाय. माझी ठेवण मला ओळखू येत नाही होय? बोलली नाहीस ते!

दीक्षा: काय बोलणार? उद्या तो बंद होतोय. त्याच्या जागी नवा लिहिलाय तो मीच. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...

रामदास: वाटतंयच. खोटं कशाला बोलू? पण तुझं तोंड का उतरलंय?

दीक्षा: बेरीज जुळत नाहीये. जुना आणि नवा, दोन्ही एकाच डेटावर चालवले, उत्तरं वेगवेगळी. दुपारपर्यंत नाही जुळलं तर काम ऑफिसातल्या सौरभच्या टीमकडे जाणार. वर्षभर राबलेय हो मी!

शर्मिला: आणि तोवर जुनाच चालू राहणार. म्हणजे यांची चंगळ.

रामदास: शर्मिला!

शर्मिला: का? मनात आलं नाही तुमच्या?

रामदास: आलं होतं. गेलंही. सरक गं दीक्षे, बसू दे.

दीक्षा: जुन्या कोडमध्ये एका बेरजेसाठी तुम्ही एवढी उस्तवार का केलीत, ते तरी सांगा.

रामदास: अगं, आमच्या मशीनला मोठा आकडा एका घासात जायचा नाही. गावोगावच्या मीटरचे युनिट म्हणजे केवढा आकडा! मग त्याचे दोन तुकडे करायचे. आधी उजवे मिळवायचे, हातचा आला की डाव्यात टाकायचा. शाळेतल्यासारखं.

दीक्षा: आणि हातचा आला की प्रोग्रॅम जिथे उडी मारतो, त्या जागेला नाव दिलंय... आई, तुझं नाव आहे इथे!

शर्मिला: माझं? कंपनीच्या मशीनमध्ये?

रामदास: नाव आठ अक्षरांत बसवावं लागायचं. इंग्रजीत तू बरोबर आठ भरलीस.

शर्मिला: एवढंच कारण?

रामदास: नवीन लग्न झालं होतं गं.

शर्मिला: पुरे, मुलीसमोर काय!

दीक्षा: नव्या मशीनला उडी लागत नाही, बाबा. एका सूचनेने उजवे मिळवायचे, दुसरी डावे मिळवताना हातचा आपणहून घेते.

रामदास: मग वाच बघू मोठ्याने. एकेक ओळ.

दीक्षा: उजवे मिळवले. मग उत्तर शून्य तर नाही ना, ते तपासलं. मग डावे... थांबा. हातच्याची खूण आणि तपासणीची खूण मशीन एकाच जागी ठेवतं. मी मध्येच तपासणी घातली आणि तिने ती खूणच पुसली! अरे यार!

रामदास: पण घातलीस कशाला?

दीक्षा: भीती वाटली म्हणून. उगाच जास्तीची काळजी.

शर्मिला: बापावर गेलीय. कुलूप लावून इतकं ओढतात, इतकं ओढतात, परवा कडीच निखळली.

दीक्षा: तपासणी शेवटी नेली. चालवते... बाबा, जुळलं! अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं!

रामदास: शाब्बास गं माझी पोर!

दीक्षा: आता हे पाठवलं की जुना कायमचा जाणार. पाठवू ना?

रामदास: पाठव. दुसऱ्या कुणी काढला असता तर जिवाला लागलं असतं. तू काढतेयस, बरं वाटतंय.

शर्मिला: पाठव गं. यांच्या डोळ्यांकडे बघू नकोस.

रामदास: थांब, थांब. चष्मा पुसू दे. नीट बघायचंय मला.